टोपली झाकण्याएवढा वेळ

वाचायला मी पत्रकांवर शिकले. आमच्या बारामतीच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती असं नाही, पण ती कपाटात असायची आणि पत्रकं सगळीकडे. फडताळात डब्यांखाली अंथरलेली, शेंगदाणे निवडताना फरशीवर पसरलेली, बाबांच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता त्याच्याखाली घडी करून सारलेली. ‘हुंडा घेणार नाही, देणार नाही’ हे मी आधी वाचलं, ‘कमळ’ आणि ‘बदक’ नंतर. आई शाळेत शिकवायची आणि उरलेल्या वेळात बायकांची संघटना चालवायची. छापखान्यातून गठ्ठे आले की घरभर शाईचा ओलसर वास पसरायचा आणि जो कोणी चहाला येईल त्याला घड्या घालायला बसवलं जायचं. एकदा मावशीच्या सोयरिकीसाठी आलेल्या पाहुण्यांनाही आईने गठ्ठा दिला. पत्रक मानपानाच्या विरोधात होतं. मुलाच्या काकांनी दहाबारा घड्या घालेपर्यंत वाचलं नाही, मग वाचलं, आणि सोयरीक तिथेच मोडली. मावशी अजून म्हणते, वाचले मी.

मी अजून चाळिशीही गाठलेली नाही, आणि आत्मकथन लिहायला बसले म्हणून मैत्रिणी हसतात. हसू देत. काही गोष्टी म्हातारपणी लिहायला ठेवल्या की त्या शहाण्या होऊन बसतात. मला हे प्रकरण शहाणं व्हायच्या आत लिहायचं आहे.

बाबा फौजदारी वकील. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं ऑफिस, आणि स्वयंपाकघर ते ऑफिस यांच्यामध्ये फक्त एक पडदा. आरोपींचे बाप, आरोपींच्या बायका, कधी जामिनावर सुटलेले खुद्द आरोपी बाकावर बसून आमच्या फोडणीचा वास घेत असत. कारखाना सुरू झाला की रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर मोठमोठ्याने गाणी लावून जात, आणि तेवढा वेळ बाबा वाक्य अर्धवट सोडून थांबत. समोरचा पक्षकारही तोंड उघडं ठेवून थांबे. ट्रॅक्टर गेला की दोघेही जिथे सोडलं तिथून पुढे सुरू. खून, दरोडा, मारामारी हे शब्द मी लसणाच्या खमंग वासातच ऐकले आहेत.

त्या वर्षी मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि बाबांशी माझं बोलणं बंद होतं. कारण असं की त्यांनी एका माणसाला जन्मठेपेतून वाचवलं होतं. त्या माणसाने बायकोला परक्याशी बोलताना पाहिलं आणि दगड उचलला. बाबांनी न्यायालयाला सांगितलं, हा खून नाही, हा सदोष मनुष्यवध आहे. माणसाला गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ झाला, त्याचा स्वतःवरचा ताबा सुटला, त्या भरात हातून झालं. कायद्यात तसा अपवाद आहे. खुनाला जन्मठेप किंवा फाशी. या अपवादात बसलं तर काही वर्षांवर भागू शकतं. त्याचं भागलं.

“म्हणजे राग आला की सूट?” मी विचारलं.

“राग आला की नाही. ताबा सुटला की.”

“पुरुषांचा बरा सुटतो ताबा. साहेबासमोर सुटत नाही, फौजदारासमोर सुटत नाही. बायकोसमोर बरोब्बर सुटतो.”

बाबांनी पुढची फाईल ओढून घेतली, म्हणून मी रात्रभर बसून एक पत्रक लिहिलं, ‘राग हा पुरुषांचा जामीन नाही’, आणि सकाळी त्यांच्याच ऑफिसच्या दारावर चिकटवलं. बाबांनी ते काढलं नाही. पक्षकार येत, वाचत, घसा खाकरत. पिंपळीचा एक म्हातारा शेतकरी काठी टेकून सगळं वाचून आत गेला. “वकीलसाहेब, भाईर तुमच्या इरोधात कुणी लावलंय?” बाबा म्हणाले, “माझ्या मुलीनं.” म्हातारा विचारात पडला. “मंग फी तुमाला द्यायची का तिला?”

मालनताईची केस आली ती या पत्रकाचा डिंक वाळायच्या सुमाराला.

मालनताईचं सासर पळसदेवच्या पुढे, धरणाच्या बॅकवॉटरच्या कडेला. थोडा ऊस, एक होडी, आणि मासळीचा धंदा. नवरा मासे धरायचा, मालनताई ते साफ करून टोपलीत भरायची, मोठा कटला असेल तर कोयत्याने तोडायची. नवरा मारायचा, हे साऱ्या वस्तीला माहीत होतं, जसं पाणी कुठपर्यंत चढतं ते माहीत असतं तसं. त्या दिवशी त्याने मुलीचं लग्न ठरवून आल्याचं सांगितलं. मुलगी रूपाली, नववीतली. ती दारातूनच नाही म्हणाली. त्याने तिची वेणी धरून डोकं चौकटीवर आपटलं, दोनदा, मग तिला सोडून ओट्यावर खाली बसला, तंबाखू काढली आणि बायकोला म्हणाला, “तुला वळण लावलं, आता हिला लावतो.” मालनताईने हातातली मासळीची टोपली ओल्या पोत्याने झाकली. मग कोयता घेतला.

शेजारच्या पार्वतीकाकूने पोलिसांना हे असंच सांगितलं होतं: टोपली झाकली, कोयता घेतला. सगळी केस या दोन क्रियांच्या मधल्या जागेत अडकली होती.

संघटनेने मालनताईच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं आणि पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मनापासून लिहिलं. आजही त्यातली वाक्यं मला पाठ आहेत, कारण ती चांगली होती. ‘वर्षानुवर्षं तिने सोसलं. त्या दिवशी तिने ठरवलं. तिने शांतपणे टोपली झाकली, आणि कोयता उचलला.’ हे शेवटचं वाक्य मी आईला दोनदा वाचून दाखवलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. गठ्ठा दुसऱ्या दिवशी छापायला जाणार होता आणि रविवारी आम्ही इंदापूरपासून पळसदेवपर्यंत वाटणार होतो.

त्या संध्याकाळी हुलग्याचे शेंगोळे होते. शेंगोळे वळायचे असले की आमच्या घरी सगळेच परातीभोवती बसत, बाबासुद्धा, कारण एकट्याने वळायचं म्हटलं तर जेवायला मध्यरात्र होते. त्यामुळे अबोला असला तरी शेंगोळ्याच्या दिवशी तो पाळता येत नसे. आईने पत्रकाचा कागद बाबांच्या गुडघ्याजवळ सरकवला. त्यांनी पिठाचे हात वर धरून, मान वाकवून वाचला.

“हे छापलं तर मालन जन्मभर आत,” ते म्हणाले.

“का? खोटं काय आहे त्यात?”

“वेणी धरली होती तेव्हाच तिने वार केला असता तर मी स्वसंरक्षण म्हणालो असतो. मुलीला वाचवायला केला म्हणालो असतो. पण तो खाली बसला होता. तंबाखू मळत होता. म्हणजे माझ्याकडे उरलं काय? प्रक्षोभ. ताबा सुटला. आणि तू लिहितेस, तिने ठरवलं. तू लिहितेस, शांतपणे. ठरवून, शांतपणे केलेल्याला कायद्यात एकच नाव आहे, उल्का.”

“न्यायाधीश पत्रक वाचून निकाल देतात का?”

“न्यायाधीश नाही वाचणार. पार्वती वाचेल. नाहीतर तिचा मुलगा तिला वाचून दाखवेल. तिची साक्ष व्हायची आहे अजून. आज ती म्हणते, टोपली झाकली. तुझं पत्रक गावात फिरलं की ती पिंजऱ्यात उभी राहून म्हणेल, शांतपणे झाकली. आणि तिला वाटेल तिने तेच पाहिलं होतं.”

मी चिडले. मी म्हणाले, हा कायदाच पुरुषांच्या मापाने शिवलाय. ज्याला आयुष्यात कधी राग गिळावा लागला नाही त्याचा राग चटकन बाहेर येतो, तो म्हणे आकस्मिक, त्याला सूट. जिने वर्षानुवर्षं गिळला तिचा राग सावकाश येतो, तर ती म्हणे थंड डोक्याची खुनी. आई शेंगोळा वळता वळता म्हणाली, “दूध किती वेळ तापत होतं ते कोणी विचारत नाही. उतू कधी गेलं एवढंच विचारतात.” बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि हे वाक्य ते युक्तिवादात वापरणार हे मला तिथेच कळलं. वापरलंच त्यांनी, आईचं नाव न घेता.

कायद्याबद्दलचं माझं ते म्हणणं मी आजही मागे घेतलेलं नाही. कलमांचे आकडे आता बदलले, बाबा अजून जुनेच बोलतात, पण तो ‘आकस्मिक’ शब्द आहे तिथेच आहे.

“मी तुला खोटं लिही म्हणत नाही,” बाबा म्हणाले. “तिला विचारलंस का, शांत होती का ती?”

नव्हतं विचारलं. आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. तेव्हा मी सकाळच्या एसटीने कऱ्हाटीला गेले.

जामिनाच्या अटीप्रमाणे मालनताईला सासरच्या गावी पाऊल टाकायचं नव्हतं, म्हणून ती रूपालीला घेऊन कऱ्हाटीत भावाकडे राहत होती. मी पोचले तेव्हा ती चुलीपुढे बसून भाकरीचं पीठ मळत होती. बारीक अंगाची, पुढचा एक दात नसलेली, आणि बोलायला लागली की थांबायची नाही अशी बाई. मला पाटावर बसवून म्हणाली, “वकिलाची लेक व्हय? वकीलसाहेब लई हळू बोलत्यात. भाईर नळाला पाणी आलं तरी मला त्यांचं ऐकू येत न्हाय.” मी कागद काढून वाचून दाखवला. ती मळता मळता ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “चांगलं लिवलंय. पण ही कोन बाई हाय?”

“तुम्हीच की, मालनताई.”

“मी न्हाय बा. ही लई शूर दिसतीया.” ती हसली, मग हसू आवरलं. “शांतपनं कुटं, पोरी? माझं लुगडं वलं झालं हुतं, आन ते मासळीच्या पान्यानं न्हवं. दातावर दात आपटत हुतं. ठरवायला डोकं जाग्यावर लागतंय न्हवं का? मला येवढंच ऐकू येत हुतं, आता हिला लावतो, आता हिला लावतो. त्यो बोलायचा थांबला तरी ऐकू येत हुतं.”

“पण मग टोपली?”

“लोक म्हनत्यात झाकली. म्हंजी झाकली आसंल.”

तेवढ्यात तिचा भाऊ दत्तूमामा रानातून आला. पाय धुतले, मला पाहून कपाळाला आठी घातली. वकिलाचा माणूस आला म्हणजे पैशाची गोष्ट निघणार, असं त्याला वाटलं असावं. “काय ते तुमचं पत्रक काडा न्हायतर पुस्तक काडा,” तो म्हणाला, “मला दोन जिवांचं जड झालंय. आन खरं सांगू का, ताईसाहेब? हिनं पोरगी देऊन टाकली आसती गुमान, तर आज दाजी जित्तं आसतं. पोरीला काय, आज न्हाय उद्या द्यायचीच हाय.”

रूपाली दारात उभी होती. तिने ऐकलं.

मी मालनताईकडे पाहत होते म्हणून मला ते दिसलं. तिचा चेहरा उतरला नाही, लाल झाला नाही. तो रिकामा झाला. ओठ पांढरे पडले. हात कोपरापर्यंत थरथरायला लागले. आणि त्याच थरथरत्या हाताने तिने शेजारचं ताट उचलून मळलेल्या पिठावर पालथं घातलं, चुलीतलं जळतं लाकूड मागे ओढलं, आणि मग उठली. उठली आणि भावाच्या गळ्यातलं उपरणं धरून त्याला ओट्यावरून खाली खेचत नेलं. जे ओरडत होती त्यात एकही शब्द नव्हता. दत्तूमामा चांगला उंचापुरा गडी, पण त्याने हात उचलला नाही. त्याला खरोखर भीती वाटली होती. रूपालीने आईला मागून मिठी मारली तेव्हा कुठे ती थांबली आणि मातीत बसली.

ती पाणी प्यायल्यावर मी विचारलं, “मालनताई, उठायच्या आधी पिठावर ताट का झाकलंत?”

तिने वळून चुलीकडे पाहिलं. “ताट? कुनी झाकलं?”

“तुम्ही.”

“कवा?”

दत्तूमामा उपरणं झटकत लांबूनच म्हणाला, “ती ल्हानपनापासनं तशीच हाय. घराला आग लागली तरी आदी दूध झाकंल.” आणि मग, जरा थांबून, बहिणीकडे न बघता, “ऱ्हावा हितंच. मी आसंच बोललो.”

एसटीत बसून मी पत्रकातलं ‘ठरवलं’ खोडलं आणि ‘शांतपणे’ खोडलं. माझं वाक्य त्यामुळे लंगडं झालं. लंगडं झालं तरी ते आता तिचं होतं. मला त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली, आणि पुढे लिहिताना मी ती कधी सोडली नाही: ज्या माणसाच्या बाजूने लिहायचं त्याला मोठं करून दाखवणं हा त्याच्या विरोधातलाच प्रकार असतो. मालनताईला शूर म्हणवून घ्यायचं नव्हतं. तिला मुलीजवळ परत यायचं होतं.

बाबांना मी ताटाची हकिकत सांगितली. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा सांगायला लावली, आणि तिसऱ्यांदा विचारलं ते एवढंच: “ओरडण्याच्या आधी झाकलं की नंतर?” आमचा अबोला त्या प्रश्नात संपला.

पार्वतीकाकूच्या साक्षीला मी बारामतीच्या कोर्टात मागच्या बाकावर होते. सरकारी वकिलांनी तिच्याकडून काढून घ्यायचं ते काढून घेतलं: आधी टोपली झाकली, मग कोयता. जिला टोपली झाकायचं भान आहे तिला सगळंच भान आहे, असं ते न्यायाधीशांकडे वळून म्हणाले. मग बाबा उठले. नेहमीसारखेच हळू बोलत होते, न्यायाधीशांनी एकदा त्यांना मोठ्याने बोलायला सांगितलं.

“पार्वतीबाई, मालन रोज टोपली झाकायची?”

“व्हय. मांजरं लई हैत तितं.”

“घरात भांडण चालू असलं तरी?”

“तरी बी.”

“मार खाल्ला तरी?”

पार्वतीकाकूने कठड्याची कड घट्ट धरली. सरकारी वकील हरकत घ्यायला अर्धवट उठले. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “मार खाऊन उठली की आदी टोपलीच झाकायची. मंग तोंड धुयाची.”

न्यायाधीश लिहीत होते, त्यांची लेखणी थांबली, आणि मग पुन्हा चालू झाली. पुढे मालनताईला तिचं म्हणणं विचारलं गेलं तेव्हा तिने नवऱ्याचं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाली, “त्येच्या पुढचं मला ठावं न्हाय, सायेब. ठावं आसतं तर सांगितलं आसतं.”

निकाल लागला. खून नाही, सदोष मनुष्यवध. शिक्षा झालीच, पण ती अशी की रूपालीच्या दहावीला नसली तरी ती कॉलेजात असतानाच आई परत आलेली असेल. आईने बाबांचा हात धरला, कोर्टाच्या आवारात, सगळ्यांसमोर, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मालनताई गाडीत चढताना माझ्याकडे बघून म्हणाली, “पोरीची वेणी तू घालत जा. तिला नीट येत न्हाय.” रूपालीची सोय बारामतीत एका वसतिगृहात झाली आणि रविवारी ती आमच्याकडे यायला लागली.

एका रविवारी मी तिची वेणी घालत होते. बाबा पलीकडे पेपर वाचत होते. ती एकाएकी म्हणाली, “ताई, सूट मिळाली म्हंजी आईचं चुकलंच ना?”

मी हात थांबवले नाहीत. “चुकलं. माणूस मेला, रूपाली. पण तिला तिथवर ढकललं होतं, हे कोर्टाने मान्य केलं.”

“मंग ढकलनाऱ्याला काय?”

“तो तर गेला.”

“त्यो न्हाय.” तिने मान वळवली, वेणी माझ्या हातातून सुटली. “पार्वतीकाकू म्हनली न्हाय का, रोज बघायची म्हनून? ती बघायची. होडीवाले बघायचे. चुलते बघायचे. आई तोंड धुताना समदे बघायचे. त्यांना कंचं कलम?”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी पेपर खाली केला. मी त्यांना पुस्तकं मनात उलटताना पाहिलं.

“त्याला कलम नाही, बाळा.”

“मग पत्रक आहे,” मी म्हणाले.

ते पत्रक मी लिहिलं नाही. रूपालीने लिहिलं, तिच्या भाषेत, मी एक अक्षर बदललं नाही. ‘माझी आई रोज तोंड धुवायची. तुमी रोज बघायचा,’ अशी त्याची सुरुवात होती. छापून आल्यावर ती म्हणाली, पहिलं आमच्याच वस्तीत वाटायचं. आई जरा कचरली. मी नाही कचरले. पाणी खाली गेलं होतं, धरणात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं होतं, ते बघायला लोक आले होते, आणि आम्ही दोघी वस्तीवर घरोघर फिरत होतो. काहींनी घेतलं, काहींनी दार लोटलं, एका चुलत्याने घेऊन तिच्यासमोरच फाडलं. तिने त्याला दुसरं दिलं.

पार्वतीकाकू ओट्यावर वाकळ शिवत होती. तिने कागद उलटसुलट केला. “मला कुटं वाचता येतंय. काय लिवलंय गं, रूपे?”

रूपालीने कागद परत घेतला आणि उभ्याउभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. पलीकडच्या घरातल्या बायका दारात आल्या. पार्वतीकाकूची सुई वाकळीत अर्धी रुतून राहिली होती. वाचून झालं तरी ती वर बघेना. मग खालीच बघत म्हणाली, “आत ये, लेकी. च्या ठिवते.”

रूपालीने कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि गठ्ठा काखेत नीट धरला.

“नगं, काकू,” ती म्हणाली. “अजून लई घरं ऱ्हायल्यात.”